एका बाडाचा प्रवास : 'मॉरिस' आणि घराबाहेरचे वडीलधारे

ई. एम. फॉर्स्टरची 'मॉरिस' ही कादंबरी १९१४ साली लिहून झाली आणि १९७१ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाली. मधली सत्तावन्न वर्षं ती बाडाच्या रूपात होती. ज्यांच्यावर विश्वास टाकता येईल अशा मोजक्या माणसांच्या हाती ती जायची, ती माणसं वाचायची, मत द्यायची आणि बाड परत करायची. शेवटी ते अटलांटिक ओलांडून कॅलिफोर्नियात पोचलं. मराठी वाचकाला 'अ पॅसेज टू इंडिया'चा फॉर्स्टर चांगला परिचयाचा आहे. 'मॉरिस'चं नाव मात्र बहुतेकांनी १९८७ च्या चित्रपटामुळे ऐकलेलं असतं. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि निर्माता मुंबईत जन्मलेला इस्माईल मर्चंट.

या कादंबरीबद्दल जे लिहिलं गेलं आहे त्यात दोन प्रश्न वारंवार येतात. फॉर्स्टरने ती हयातीत का छापली नाही, हा एक; आणि तिचा सुखान्त पटण्याजोगा आहे का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्यामागे एक तिसरा प्रश्न झाकला गेला आहे असं मला वाटतं. समलिंगी पुरुषाला वडीलधारं माणूस कुठून मिळतं?

आपल्याकडे जात, धर्म, भाषा, धंदा यांचा वारसा घरातून मिळतो. सुताराच्या मुलाला रंधा धरायला बाप शिकवतो, वारकऱ्याच्या मुलाला हरिपाठ आजोबांच्या मांडीवर पाठ होतो. समाजाने ज्यांना बाजूला टाकलं त्या जमातींतही मुलाला अपमान कसा गिळायचा आणि कधी गिळायचा नाही, हे घरातलीच माणसं सांगतात. समलिंगी मुलगा मात्र बहुधा अशा घरात वाढतो, जिथे त्याच्यासारखं दुसरं कुणी नसतं. असलं तरी ते बोलत नाही. आईबापांची माया कितीही असली तरी या एका बाबतीत त्यांच्या गाठीला देण्यासारखं काही नसतं. त्याला आपला थोरला घराबाहेर शोधावा लागतो, आणि कायदा, बदनामी व संशय यांमुळे तो शोध बहुतेक काळ जोखमीचा राहिला आहे. 'मॉरिस'चा मजकूर आणि 'मॉरिस'च्या बाडाचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर या शोधाबद्दल बरंच काही हाती लागतं. या लेखात तेच करून पाहायचं आहे.

०

आधी मजकुराकडे पाहू. कादंबरीचा नायक मॉरिस हॉल हा मध्यमवर्गीय, बेताच्या बुद्धीचा, खेळात बरा असा इंग्रज तरुण आहे. वडील लहानपणीच गेलेले. म्हणजे थोरल्याची जागा लेखकाने पहिल्याच पानांत रिकामी करून ठेवली आहे. पुढे ती भरायला एकामागून एक माणसं येतात.

पहिले येतात शाळामास्तर ड्यूसी. ते मॉरिसला समुद्रकिनारी फिरायला नेतात आणि बापाविना पोर म्हणून त्याला स्त्रीपुरुषसंबंधांची माहिती देतात. वाळूत काठीने आकृत्याही काढतात. थोडं पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात येतं की आकृत्या पुसायच्या राहिल्या, आणि त्या दिशेने बायकामाणसं येताहेत. त्यांची घाबरगुंडी उडते. त्या घाबरण्यातून मुलाला कळतं की मास्तर जे पवित्र म्हणून सांगत होते त्याचीच त्यांना लाज वाटते. त्यांच्यावरचा त्याचा विश्वास तिथेच संपतो. दुसरे गुरू भेटतात केंब्रिजमध्ये. ग्रीक उताऱ्याचं भाषांतर चालू असताना एक ओळ येते, आणि अध्यापक शांतपणे सांगतात की ही ओळ गाळा. विद्यादानाचं काम करणारा माणूस विद्यार्थ्याला नेमकी तीच ओळ गाळायला सांगतो, जी त्या वर्गातल्या एखाद्याला आयुष्यभर पुरली असती. तिसरे डॉक्टर बॅरी, हॉल कुटुंबाचे स्नेही. मॉरिस जिवाच्या आकांताने त्यांच्यापाशी बोलतो. आपण कोण आहोत हे सांगायला त्याच्याकडे शब्द नसतो, म्हणून तो ऑस्कर वाइल्डचं नाव घेतो. डॉक्टर ते बोलणं मूर्खपणाचं म्हणून उडवून लावतात. चौथा संमोहनतज्ज्ञ लॅस्कर जोन्स. तो निदान प्रामाणिक आहे. उपचार लागू पडत नाहीत हे कळल्यावर तो मॉरिसला सुचवतो की जिथे हा गुन्हा नाही अशा देशात, फ्रान्समध्ये किंवा इटलीत, जाऊन राहा.

हे चारही जण वाईट नाहीत. दोघांचा तर हेतू चांगलाच आहे. त्यांच्यापैकी एकालाही मॉरिसच्या आयुष्याची आतून माहिती नाही, एवढाच त्यांचा दोष.

अशी माहिती असलेला एकच वयस्क माणूस कादंबरीत येतो, आणि तोही दोन-तीन वाक्यांपुरता. आगगाडीच्या डब्यात समोर बसलेला एक जाडजूड, तेलकट चेहऱ्याचा गृहस्थ मॉरिसला खुणावतो. मॉरिस क्षणभर प्रतिसाद देतो आणि मग त्याला मारून खाली पाडतो. तो म्हातारा गयावया करू लागतो. त्याच्याकडे पाहताना मॉरिसला स्वतःचं म्हातारपण दिसतं.

मला हा प्रसंग संपूर्ण कादंबरीची किल्ली वाटतो. समीक्षकांनी क्लाइव्हच्या प्लेटोवर पानंच्या पानं लिहिली, शिकारखान्यावर काम करणाऱ्या अॅलेक स्कडरच्या वर्गावर लिहिली, पण डब्यातला हा माणूस दुर्लक्षित राहिला. मॉरिसला भेटलेला हा एकमेव वडीलधारा समलिंगी पुरुष आहे, आणि मॉरिस त्याला ठोसा मारतो. तो ठोसा त्या माणसाच्या लगटीला आहे तितकाच भविष्यकाळालाही आहे. म्हातारपणाचं दुसरं कुठलंही चित्र समोर नसलेला तरुण याहून वेगळं काय करणार?

कादंबरीच्या अखेरीस मॉरिस आणि अॅलेक समाजाबाहेर, रानाच्या आश्रयाला जातात. पुढे ते कसे जगले, म्हातारे कसे झाले, हे फॉर्स्टर सांगत नाही. मूळ आराखड्यात एक उपसंहार होता, त्यात मॉरिसच्या बहिणीला काही वर्षांनी दोन लाकूडतोडे भेटतात. तो त्याने काढून टाकला. बाड वाचलेल्या लिटन स्ट्रेचीने १९१५ मध्येच कळवलं होतं की हे संबंध सहा महिन्यांतच मोडतील असं त्याला वाटतं. स्ट्रेचीचा शेरा चलाख आहे, पण त्यामागची अडचण खरी होती. दोन पुरुष एकत्र वृद्ध होतात याचा नमुना इंग्रजी कादंबरीत नव्हताच.

०

प्रत्यक्ष आयुष्यात मात्र फॉर्स्टरने असा नमुना पाहिला होता, आणि 'मॉरिस'चा जन्म तिथलाच. शेफील्डजवळच्या मिलथॉर्प या खेड्यात एडवर्ड कार्पेंटर राहायचा. जन्म १८४४ चा. केंब्रिजची फेलोशिप आणि पाद्रीपणाची वस्त्रं दोन्ही सोडून तो भाजीपाला पिकवत, स्वतःच्या हाताने चपला शिवत राहिलेला होता. समाजवादी, शाकाहाराचा पुरस्कर्ता. १८९० च्या हिवाळ्यात तो सिलोनमार्गे हिंदुस्थानात आला. त्या प्रवासावरच्या त्याच्या पुस्तकाच्या नावाचा शेवट आपल्या घारापुरीवर होतो. १८९८ पासून तो जॉर्ज मेरिल या गरीब वस्तीत वाढलेल्या सोबत्याबरोबर उघडपणे एका घरात राहत होता. वाइल्डला शिक्षा होऊन तीनच वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या उघडपणाचं मोल कळतं. वाइल्ड प्रकरणाची झळ कार्पेंटरलाही लागली होती. १८९५ साली त्याच्या लंडनच्या प्रकाशकाने हात झटकले आणि पुढचं पुस्तक मँचेस्टरच्या मजूर चळवळीच्या छापखान्यातून काढावं लागलं.

फॉर्स्टर १९१३ मध्ये त्याच्याकडे गेला तेव्हा चौतिशीत होता. चार कादंबऱ्या छापून नाव झालेलं होतं आणि पुढे काय लिहायचं ते सुचत नव्हतं. या भेटीची हकिगत त्याने १९६० साली लिहिलेल्या, कादंबरीला जोडलेल्या टिपणात दिली आहे. मेरिलने जाता जाता त्याच्या पाठीला, कंबरेच्या खाली, हलकेच स्पर्श केला आणि त्या स्पर्शासरशी कादंबरीची कल्पना मनात उतरली, असं तो सांगतो. हा स्पर्श इतका गाजला की भेटीतला दुसरा भाग मागे पडला. फॉर्स्टरने त्या घरात दोन माणसांचा संसार पाहिला होता. एक जवळजवळ सत्तरीचा, दुसरा त्याहून वीसेक वर्षांनी लहान. चूल, बाग, पाहुणे, रोजची कामं. डब्यातल्या म्हाताऱ्याला उत्तर म्हणून दाखवता येईल असा वृद्ध पुरुष त्याला इथे भेटला.

या कार्पेंटरलाही एक थोरला होता. तरुणपणी वॉल्ट व्हिटमनच्या कविता वाचून त्याचं आयुष्य बदललं. १८७४ मध्ये त्याने व्हिटमनला लांबलचक पत्र लिहिलं आणि १८७७ व १८८४ मध्ये अमेरिकेला जाऊन तो त्याला भेटला. व्हिटमन मात्र सगळ्यांना सारखा पावला नाही. जॉन अॅडिंग्टन सिमंड्स या इंग्रज अभ्यासकाने वर्षानुवर्षं पत्रांतून पिच्छा पुरवला की तुमच्या अमुक कवितांमधलं प्रेम नेमकं कोणतं? १८९० साली म्हाताऱ्या कवीने त्याला झिडकारलं आणि आपल्याला सहा मुलं असल्याचं ठोकून दिलं. त्या सहांपैकी एकाचाही मागमूस चरित्रकारांना लागलेला नाही. थोरल्याच्या तोंडून एक शब्द ऐकायला आसुसलेला धाकटा आणि जपून राहायची सवय जडलेला थोरला ही जोडी तेव्हापासून आजपर्यंत दिसते. सिमंड्सची कीव येते, पण मला व्हिटमनचाही राग येत नाही. उत्तर लेखी मागितलं होतं, आणि लेखी उत्तर कुणाच्याही हाती पडू शकतं.

पुढे अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्गने आपली परंपरा थेट व्हिटमनपासून सांगितली. व्हिटमनचा सहवास कार्पेंटरला, कार्पेंटरचा गॅव्हिन आर्थरला, आणि तिथून दोन पायऱ्यांवर आपण, असा त्याचा हिशेब होता. नाथपंथीयांनी आदिनाथांपासून गुरुपरंपरा सांगावी तसा. त्यात चेष्टा आहे, तशी भूकही आहे. पण ही शरीराच्या स्पर्शाची परंपरा झाली. 'मॉरिस'च्या बाडाची परंपरा वेगळी आहे, आणि मला ती अधिक टिकाऊ वाटते. तिथे एका हातातून दुसऱ्या हातात कागद जातो.

०

बाड सगळ्यात आधी वाचणाऱ्यांत कार्पेंटर होता. त्याला सुखाचा शेवट आवडला. गोल्ड्सवर्दी लोव्ज डिकिन्सनने, केंब्रिजमधल्या फॉर्स्टरच्या ज्येष्ठ स्नेह्याने, ते वाचलं. डिकिन्सन फॉर्स्टरहून सतरा वर्षांनी मोठा. १९१२ साली दोघं एकाच बोटीने हिंदुस्थानात आले होते. १९३२ मध्ये तो वारल्यावर फॉर्स्टरने त्याचं चरित्र लिहिलं. १९३४ मध्ये निघालेल्या त्या चरित्रात डिकिन्सनच्या आयुष्याला व्यापून राहिलेल्या पुरुषप्रेमाचा उल्लेख नाही. डिकिन्सनने स्वतः लिहून ठेवलेलं आत्मचरित्र १९७३ साली छापलं गेलं, तेव्हा ती जागा भरली. ज्याने आपल्याला घडवलं त्याच्याबद्दल लिहिताना मधली ओळ गाळायची वेळ फॉर्स्टरवर आली. केंब्रिजच्या वर्गातला तो प्रसंग लिहिणाऱ्यावरच ती यावी! चरित्रकाराच्या या अडचणीत मला भित्रेपणा दिसत नाही. कायदा जिवंत होता, डिकिन्सनच्या बहिणीही हयात होत्या. पण त्याची किंमत धाकट्यांनी मोजली हेही खरं.

आणि मग १९३३ साली ते बाड ख्रिस्तोफर इशरवुडच्या हाती आलं. इशरवुड तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, बर्लिनमध्ये राहिलेला, दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झालेला. फॉर्स्टर चोपन्नचा. वर्षभरापूर्वीच दोघांची ओळख झाली होती आणि इशरवुड त्याला साहित्यातला आपला गुरू मानत होता. 'ख्रिस्तोफर अँड हिज काइंड' या १९७६ मधल्या आत्मकथनात त्याने त्या भेटीचं वर्णन केलं आहे. गुरू शिष्यासमोर बसून विचारतो की हे लिखाण आता जुनंपुराणं वाटतं का? वीस वर्षांपूर्वीची भाषा, वीस वर्षांपूर्वीचा संकोच. इशरवुडला तो संकोच जाणवलाही होता. तरी त्याने विचारलं की जुनं वाटलं तर बिघडलं कुठे. या माणसाने त्या काळात, एकट्याने, हे लिहिलं याचंच त्याला अप्रूप होतं. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

मराठी वाचकाला इथे चांगदेवाची आठवण व्हावी. चौदाशे वर्षं जगलेला योगी कोवळ्या ज्ञानदेवाला पत्र लिहायला बसतो आणि मायना काय लिहावा तेच त्याला कळत नाही. वयाने धाकटा म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी तो कोरा कागद पाठवतो. पुढे त्याची गुरू होते ती तर मुक्ताबाई, भावंडांत सगळ्यात धाकटी. आपल्या परंपरेने ही उलटापालट पचवली आहे, म्हणून फॉर्स्टर आणि इशरवुडच्या त्या बैठकीत नेमकं काय घडलं हे आपल्याला चटकन कळू शकतं. थोरल्याने धाकट्याला वाट दाखवायची, ही मार्गदर्शनाची सोपी कल्पना इथे पुरत नाही. थोरल्याकडे साठवण आहे आणि धाकट्याकडे मोकळीक. बर्लिनमध्ये हाइन्त्झ नावाच्या जर्मन मुलाबरोबर राहिलेल्या इशरवुडला जे सहज बोलता येत होतं, ते फॉर्स्टरला वयाच्या तिशीपर्यंत विचारातही आणता आलं नव्हतं. थोरल्याने आपली साठवण धाकट्यासमोर ठेवली आणि तिला काही किंमत आहे का हे त्याच्याकडून ऐकलं. माझ्या मते या प्रकारच्या मैत्रीचा गाभा इथे आहे. दोघांपैकी कुणालाच मायना माहीत नसतो.

पुढची हकिगत थोडक्यात. १९३४ मध्ये हाइन्त्झला इंग्लंडच्या बंदरावरून परत पाठवलं गेलं. पुढची तीन वर्षं इशरवुड त्याला घेऊन देशोदेशी भटकला, तेव्हा धीर देणाऱ्यांत फॉर्स्टर होता. १९३९ मध्ये इशरवुड आणि ऑडन अमेरिकेला गेले आणि युद्धकाळात मायदेशी त्यांना पळपुटे म्हटलं गेलं, तेव्हा फॉर्स्टरने त्यांची बाजू घेतली. पुढे 'मॉरिस'च्या अमेरिकी आवृत्तीची जबाबदारी त्याने इशरवुडवर सोपवली. कादंबरी निघाल्यावर त्या उत्पन्नाचं इशरवुडने काय केलं? ते त्याने अमेरिकन साहित्य संस्थेला दिलं आणि त्यातून ब्रिटन-आयर्लंडमधल्या तरुण लेखकांना अमेरिकेत काही काळ राहता यावं म्हणून फॉर्स्टरच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. तो आजही दिला जातो.

इशरवुडला दुसरा एक गुरू होता, आणि तो बंगाली. रामकृष्ण संप्रदायाचे स्वामी प्रभवानंद लॉस एंजेलिसच्या बाजूला वेदान्त केंद्र चालवत होते. इशरवुडने त्यांना स्पष्ट विचारलं की एका तरुणाबरोबर माझा संबंध आहे, अशा माणसाला तुमच्या मार्गावर जागा आहे का? त्या तरुणाकडे बाळकृष्ण म्हणून पाहा, असं स्वामींनी सांगितलं. हे उत्तर इशरवुडला पाळता आलं नाही, तरी दार बंद झालं नाही एवढं त्याला पुरलं. दोघांनी मिळून केलेला गीतेचा अनुवाद १९४४ मध्ये निघाला. डॉक्टर बॅरी आणि स्वामी प्रभवानंद यांच्यापैकी कुणालाच हे आयुष्य आतून ठाऊक नव्हतं, पण एकाने प्रश्न उडवून लावला आणि दुसऱ्याने ऐकून घेतला. घरच्या माणसांना याहून अधिक करता येत नसेल, तरी इतकं निश्चित करता येतं.

०

इथवर वाचून कुणाला वाटेल की हे सगळं फार उजळ चाललं आहे. म्हणून आता देवासला जायला हवं.

देवास थोरली पाती हे माळव्यातलं मराठा संस्थान. तिसरे तुकोजीराव पवार हे तिथले महाराज, राजर्षी शाहू छत्रपतींचे जावई. त्यांचेच चिरंजीव पुढे १९४७ मध्ये शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. फॉर्स्टर १९२१ मध्ये सहा महिने तुकोजीरावांचा खासगी चिटणीस होता आणि त्या दरबारातल्या गोकुळअष्टमीचं त्याचं वर्णन 'द हिल ऑफ देवी'मध्ये आहे. हे पुस्तक १९५३ मध्ये आलं. त्यात जे नव्हतं ते १९८३ मध्ये संशोधित आवृत्तीत आलं. आपल्या तिथल्या चोरट्या संबंधांबद्दल फॉर्स्टरने लिहून ठेवलेलं ते एक छोटं टिपण आहे. महाराज त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. फॉर्स्टरने त्यांना विश्वासात घेतलं, आणि त्यांनी तिरस्कार न करता, मित्राने मित्राला सावरावं तसं त्याला सावरलं. इथेही धाकटाच थोरल्याला सांभाळतो.

पण त्या टिपणात तिसरा माणूस आहे, महालातला एक तरुण न्हावी. त्याच्याशी फॉर्स्टरचे संबंध आले. तो बाहेर बोलला अशा समजुतीने पुढे फॉर्स्टरने त्याला मारलं, आणि नंतरच्या भेटींत आपल्याला त्याला दुखवावंसं वाटू लागलं याची कबुली दिली आहे. त्या मुलाला कसलेच हक्क नव्हते आणि आपल्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं, हे त्याने स्वतःच ओळखलं आहे. 'अ पॅसेज टू इंडिया'त साहेबी सत्तेने माणुसकी कशी सडते हे दाखवणारा लेखक हा अनुभव गाठीला घेऊन ती कादंबरी पुरी करत होता.

या टिपणाने इशरवुडबरोबरचा तो प्रसंग खोटा ठरत नाही, पण दोन्ही एका माणसाचे आहेत हे विसरून चालणार नाही. वयातलं अंतर दोन्हीकडे आहे. मग फरक कुठे पडला? इशरवुड नाही म्हणू शकत होता. उठून जाऊ शकत होता, बाड वाईट आहे असं सांगू शकत होता. देवासच्या न्हाव्याला यातलं काहीच शक्य नव्हतं. या मैत्रीबद्दल बोलताना वयाच्या अंतराकडे बोट दाखवलं जातं, आणि लहान मुलांच्या संरक्षणाचा प्रश्न असेल तिथे ते दाखवलंच पाहिजे. दोन प्रौढ माणसांत मात्र कसोटी वेगळी लागते. धाकट्याला नकार देता येतो का, आणि दिल्यावर त्याचं पोट, छप्पर, अब्रू शाबूत राहते का? आपल्याकडे या कसोटीत जात आणि वर्ग आणखी जास्त शिरतात. आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड' या २००३ मधल्या इंग्रजी कादंबरीत चाळिशी ओलांडलेला पत्रकार युदी आणि एकोणीस वर्षांचा दलित तरुण मिलिंद महाडिक मुंबईत चर्चगेट स्टेशनवर एकमेकांना भेटतात. युदीचं प्रेम खरं असेल, पण त्याच्या घरातली शिकवणी मिलिंदला कुठे नेते, हा प्रश्न ती कादंबरी मिटू देत नाही, आणि हे तिचं बळ आहे.

०

'मॉरिस' प्रसिद्ध झाली तेव्हा इंग्लंडमधला कायदा बदलून चार वर्षं झाली होती आणि नवी चळवळ उभी राहत होती. त्या पिढीतल्या अनेकांना ही कादंबरी उशिरा आलेली, मवाळ वाटली. तुम्ही एवढे नामवंत होता, तेव्हाच का बोलला नाहीत? मॅथ्यू लोपेझच्या 'द इनहेरिटन्स' या नाटकात हाच सवाल रंगमंचावर येतो. २०१८ मध्ये लंडनला आलेल्या या दीर्घ नाटकात 'हॉवर्ड्स एंड'ची गोष्ट आजच्या न्यूयॉर्कमध्ये घडते, आणि खुद्द फॉर्स्टर 'मॉर्गन' या नावाने तरुणांना गोष्ट कशी सांगायची ते शिकवायला हजर असतो. एका टप्प्यावर तीच मुलं त्याला जाब विचारतात. त्याच नाटकात वॉल्टर नावाचा प्रौढ माणूस एरिक या तरुणाचा स्नेही होतो. एड्सच्या साथीत मरायला टेकलेल्या मित्रांना त्याने आपल्या घरात आसरा दिलेला असतो. लंडनच्या प्रयोगात मॉर्गन आणि वॉल्टर या दोन्ही भूमिका पॉल हिल्टन या एकाच नटाने केल्या. या योजनेत नाटकाचा अर्थ सामावला आहे. एक थोरला कायद्याने गप्प केलेला, आणि दुसरा ज्या पिढीतला ती पिढीच रोगाने कापून काढली. १९८०-९० च्या दशकांत जे गेले त्यांना आज साठी-सत्तरी गाठता आली असती. तरुणांना थोरले का सापडत नाहीत, याचं एक सरळ कारण ते मेले हे आहे.

जाब विचारण्याचा तरुणांचा हक्क मला मान्य आहे, पण आरोप अर्धा आहे असं वाटतं. छापलेलं पुस्तक अनोळखी माणसापर्यंत जातं, आणि तशा हजारो अनोळखी मुलांना 'मॉरिस' सत्तावन्न वर्षं मिळाली नाही. हे नुकसान कुठल्याही युक्तिवादाने भरून निघत नाही. पण ते बाड ज्यांच्या हाती गेलं त्यांच्याबाबत त्याने छापील पुस्तकाला न जमणारं काम केलं. ते देताना देणाऱ्याला समोर बसावं लागत होतं. घेणाऱ्याला परत करताना काहीतरी बोलावं लागत होतं. कादंबरीच्या आत मॉरिसला एकही थोरला मिळत नाही. कादंबरीच्या बाहेर त्या कादंबरीनेच थोरलेपण निभावलं.

आता आपल्याकडे पाहू. १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ वं कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. त्याच्या कितीतरी आधी, १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं आणि पुढे पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी मराठीतून लिहायला, माहिती द्यायला सुरुवात केली. तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' १९८१ ची, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. म्हणजे छापील मजकूर थोडा का होईना, आहे. नाही ते बाड. कलमाच्या सावलीत तारुण्य काढलेली, लग्न करून किंवा न करता गावोगावी, शहरोशहरी राहिलेली मराठी माणसं आज म्हातारी होत आहेत. त्यांची पत्रं, वह्या, फोटो कपाटात आहेत, आणि कपाट आवरणारे पुतणे-भाचे ते रद्दीत घालतील. अनेकांनी ते हयातीतच जाळून टाकलं असेल.

अशा माणसाला हाक काय मारायची, हेही मराठीत ठरलेलं नाही. 'काका' म्हटलं तर रक्ताचं नातं डोकावतं, 'सर' म्हटलं तर शाळा येते, 'दादा'ला वयाची मर्यादा आहे. चांगदेवासारखा मायना अडतो. पण कोरा कागद गेला होता म्हणूनच त्याच्यावर पासष्ट ओव्या उतरल्या. आपल्या संग्रहालयांनी, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी हे कागद मागायला हवेत. नावं झाकायची असतील तर झाकावीत, वीस-तीस वर्षं मोहोरबंद ठेवायचे असतील तर तेही करावं. फॉर्स्टरने तेच केलं होतं. मागायला कुणी गेलं, तरच पुढच्या मॉरिसला डब्यातल्या त्या म्हाताऱ्याखेरीज दुसरं कुणी भेटेल.